चौघींच्या कामात सहा जणी

शकूताई,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, तुझा भाऊ बोलला, मग मागून कोणीतरी म्हणालं, "मंगलाबाईले बोलू द्या ना, त्या दोघी सोबतच होत्या मिलमध्ये." माझ्या हातात माइक आला आणि माझी दातखीळ बसली. माझी! भर खात्यात मास्तरला सुनावणारी मी, ऑटोवाल्याशी रोज भांडणारी मी. तुझ्या फोटोकडे बघत नुसती उभी राहिले. फोटोत तू कधी नव्हे ती गंभीर. समोर आपल्या खात्यातल्या चौघी बसल्या होत्या, पदर डोळ्याला लावून. सगळ्यांना वाटलं, बाईला दुःख आवरत नाही. दुःख होतंच गं. पण मला तुझ्याशी भांडायचं होतं, आणि ते भांडण त्या चौघींसमोर काढता येत नव्हतं.

म्हणून घरी येऊन लिहायला बसले. हे कोणाला वाचून दाखवायचं नाही. तुझं माझं आहे.

त्या दिवसापासूनच सुरुवात करते. आपलं वाइंडिंगचं खातं, बॉबिनवरचं सूत मोठ्या कोनवर गुंडाळायचं. सहा जणी होतो आपण. हिंगणघाटच्या हायवेवरून जाणाऱ्याला आपली मिल चांगली चालू दिसते, गेटवर वॉचमन उभा असतो, आतून आवाज येतो. अर्धी यंत्रं प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलीत हे त्याला काय ठाऊक! खात्यावर देखरेख करणारा मास्तर म्हणायचा, बाहेरच्या देशात माल उठत नाही, इथंही भाव नाही, गोदाम छतापर्यंत भरलं. तो देश कोणता, तिथं आपलं सूत कोण घेत होतं आणि आता काऊन घेत नाही, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही. आपल्याला दिसलं ते एवढंच, की आज एक यंत्र बंद, पुढच्या महिन्यात दुसरं. होता होता काम चौघींपुरतं उरलं.

मास्तरनं तुला एकटीला केबिनमध्ये बोलावलं. सगळ्यात जुनी तूच. आम्ही पाचही जणी हात चालवत होतो, पण डोळे त्या दारावर. तू बाहेर आलीस, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "कोणी जाणार नाई. बारी लावू. दोघींनी आठवडाभर घरी बसायचं, चौघींनी कामावर यायचं. मंग दुसऱ्या दोघी घरी."

"अन् पगार?" मी विचारलं.

"जेवढं काम तेवढा पगार."

"म्हणजे उपाशीच मरायचं ना!"

"उपाशी कायले वो? अर्धपोटी," तू म्हणालीस आणि हसलीस. बाकीच्याही हसल्या. कोमल तर रडता रडता हसली. ती सगळ्यात नवी, बावीस-तेवीस वर्षांची पोट्टी, लहानगं लेकरू आईजवळ टाकून कामाला येणारी, हातानं मंद. तिला कळत होतं की कोणाला काढायचं झालं तर आधी तीच. मला तुझ्या त्या हसण्याचा अस्सा राग आला म्हणून सांगू! पण त्या वेळी गप्प बसले. सगळ्या हो म्हणत असताना मी एकटी नाही कशी म्हणणार?

आणि पहिल्याच सोमवारी तू घोळ घातलास. घरी बसायची पहिली बारी तुझी आणि माझी. मी आपली घरी. पण ऑटोवाल्यानं सवयीनं तुझ्या दारात हॉर्न मारला, तूही सवयीनं डबा उचललास आणि जाऊन बसलीस! गेटवर वॉचमन म्हणाला, "बाई, तुमची तर घरी बसायची बारी ना?" आता परत जायचं कसं? ऑटो तर संध्याकाळीच परत येणार, आणि बसचे पैसे कोण खर्च करतं? तर ही बाई दिवसभर गेटबाहेरच्या कडुनिंबाखाली बसली, डबा खाल्ला, वॉचमनच्या बायकोची भाजी निवडून दिली आणि शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांबरोबर घरी! वर मला म्हणतेस, "घरी बसली असती तं चहा प्यायला असता दहादा. चहापत्ती वाचली." मी हसून हसून बेजार झाले होते. आताही लिहिताना हसू आलं, आणि लगेच रडू आलं. कर आता काय करतेस.

हसण्याचे दिवस थोडेच होते. माझ्या घरात काय चाललं होतं ते तुला माहीत होतं. आमचे हे जिनिंगमध्ये हंगामावर. कापूस संपला की जिनिंग बंद, मग हमाली मिळाली तर मिळाली. यंदा हंगामही लवकर उठला. पोरगी वर्ध्याला नर्सिंगला, दुसरं वर्ष, होस्टेल. आणि त्यात माझा पगार कापला जाऊ लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सिलिंडर पुरवून पुरवून वापरायचा म्हणून मी अंगणात चूल मांडली, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळल्या. बाजार उठायच्या वेळेला जायचं, म्हणजे भाजीवाली उरलंसुरलं कमी भावात देते. फोन वाजला की आधी नंबर बघायचे, होस्टेलचा तर नसेल? घरच्या आठवड्यात तर वेळ जाता जात नसे. सगळं आवरून बसलं की डोक्यात एकच, आपण घरी बसलोय तेवढ्यात मास्तरला वाटलं की चौघींत चांगलं भागतं, तर? आपल्याशिवाय भागतं हे आपणच दाखवून देतोय का?

त्याच आठवड्यांतल्या एकात तू माझ्या दारात आलीस, साड्यांचं मोठं गाठोडं घेऊन. बाजारातल्या दुकानातून फॉल लावायचं काम तू मागून आणलं होतंस. तुला तर सुई दिसत नव्हती धड! "मी आणतो, तू शिव. अर्धं तुह्यं, अर्धं माह्यं," म्हणालीस. आणि नंतर तुझा अर्धा वाटाही तू धड घेतला नाहीस, कधी तुला नको असली तरी त्या बदल्यात माझ्याकडची वाटीभर भाजी घ्यायचीस आणि म्हणायचीस, झालं, फिटलं. हे मी विसरले नाही, शकूताई. त्या फॉलच्या कामावर माझ्या पोरीचं एक सेमिस्टर निघालं.

तरी मी तुझ्याशी भांडले. मधल्या सुट्टीत, आपण दोघीच होतो तेव्हा. दुकानदारानं त्या दिवशी उधारी नाही म्हटलं होतं आणि माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "एक तीळ सात जणांत वाटून खाल्ला म्हणे. पोट कोणाचं भरलं? तुह्यं नाव तं कटतच नव्हतं. माह्यंही नाई. आपण दोघी जुन्या, आपला हात चांगला. मंग आपल्या तोंडचा घास तू काऊन वाटून टाकला? कोणाले विचारून?"

तू भाकरीकडे बघत होतीस. वाटलं, आता उलटून बोलशील. मला तेच हवं होतं, एकदाचं होऊन जाऊ दे. पण तू म्हणालीस, "खा, मंगले. घंटा होईन आता."

त्यानंतरही मी दोन-चारदा टोचलं तुला. प्रत्येक वेळी तू काहीतरी दुसरंच काढायचीस. अंबाडीची भाजी कुठं मिळाली, तुझ्या सुनेनं काय बनवलं. मला वाटायचं, हिच्याकडे उत्तर नाही, म्हणून टाळते. मोठेपणाची हौस, दुसरं काय!

मग तुला ताप आला. तोवर बारीच्या जोड्या बदलल्या होत्या; तुझा कामाचा आठवडा आणि माझा घरचा. मी तुझ्या घरी आले, म्हटलं, "मी जातो ना तुह्या जागी, त्यात काय? तू पडून राह्य." तर म्हणे, "मास्तर म्हणन, यांच्या बारीचं काही खरं नाई, आज ही तं उद्या ती. एकदा त्याले बोलायले जागा भेटली ना, मंग झालं." ताप अंगावर काढलास. खोकत खोकत कोन लावत राहिलीस. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. रजा घेतली असती तर कोणी खाऊन टाकलं असतं का गं तुला? बोल ना. एका आठवड्यानं काय बिघडलं असतं? मला तुझा इतका राग येतो ना, की रात्र नाही दिवस नाही, भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवते आणि मनातल्या मनात तुला शिव्या देते.

तू गेल्यावर थोड्याच दिवसांनी मास्तरनं मला केबिनमध्ये बोलावलं. आता सगळ्यात जुनी मीच ना. "बसा, मंगलाबाई." इतक्या वर्षांत मला त्यानं पहिल्यांदा खुर्ची दिली. तेव्हाच मला भीती वाटली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "पण आता हिशोब सोपा झालाय. तुम्ही पाच जणी. काम चौघींचं. एकीला कमी केलं की ही बारीची भानगड संपली. चौघींना पूर्ण महिना, पूर्ण पगार."

"एक म्हणजे कोण?" मी विचारलं. माहीत होतं, तरी विचारलं.

"कोमल. दुसरं कोण? हात बघता ना तिचा." मग जरा हसला. "तेव्हाच व्हायचं होतं हे. तेव्हा मी दोन नावं सांगितली होती शकुंतलाबाईंना. एक कोमल."

"आणि दुसरं?"

"सोडा. जुनं झालं आता."

"दुसरं कोण, साहेब?"

"तुमचं. आता तसं नाही हो, आता तुम्ही सिनियर. पण त्या वेळी तुमचं तोंड फार चालायचं. पंखे नाहीत, पाणी गरम आहे, रोज काही ना काही. मॅनेजमेंटला नको वाटत होतं. शकुंतलाबाई अडून बसल्या, म्हणे दोघींतली एकही जायची नाही, आम्ही सहाही जणी बारीनं येतो. मी म्हटलं ठीक, माझं काय जातं, काम तेवढंच."

पुढं तो काय बोलला मला आठवत नाही. दोन दिवसांत विचार करून सांगा म्हणाला, आणि कोमलला तुम्हीच समजावून सांगा, बाईनं सांगितलेलं बरं असतं. मी खात्यात परत आले आणि चुकीच्याच यंत्रावर जाऊन उभी राहिले.

सांगितलं काऊन नाई, शकूताई? काऊन नाई सांगितलं? मी तुझ्या तोंडावर म्हटलं ना, माझं नाव कटत नव्हतं! तू तिथंच म्हणायचं होतंस, येडे, तुह्यंच कटत होतं. एका वाक्याचं काम होतं. माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. तेच तुला नको होतं का? की तुला भीती होती, मी उठून केबिनमध्ये जाईन, मास्तरच्या टेबलावर हात आपटीन आणि असलेलीही नोकरी घालवीन? तसं मी केलंच असतं. किंवा केलं नसतं. घाबरून मान खाली घालून काम केलं असतं, पंखा नसला तरी गप्प, पाणी उकळतं दिलं तरी गप्प. मला ठरवता येत नाही यातलं कोणतं जास्त वाईट. तुला तेव्हा ठरवता आलं होतं का? माझा पूर्ण महिना तू वाटून टाकलास असं मी म्हणत राहिले, आणि माझा महिना मुळात नव्हताच. होता तो तुझा. तू तुझा महिना फोडून मला त्यातला आठवडा आठवडा देत होतीस. आणि भाकरी खाता खाता माझे टोमणे ऐकत होतीस. हात जोडते तुला. पण आधी दोन थोबाडीत मारल्या असत्या, मग हात जोडले असते, खरं सांगते.

त्या संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "पूर्ण महिना भेटला तं पोरीचं होस्टेल निघते, मंगला. पैसे भरायची शेवटची तारीख जवळ आली."

"अन् कोमल?"

"ते तरणी हाये. भेटन तिले कुठंतरी काम."

"कुठं?"

वर्ध्यापासून पुलगावपर्यंत पायपीट करून ज्या माणसाला स्वतःला काम मिळालं नाही, तो म्हणतो भेटन कुठंतरी! त्यांच्याही ते लक्षात आलं असावं. जेवण सोडून उठले आणि बाहेर जाऊन बसले. रागावले नव्हते. त्यांची चूकही नव्हती काही. ते म्हणाले तेच मी केबिनमधून निघाल्यापासून मनात म्हणत होते: पोरीचं होस्टेल निघते. पोरीचं होस्टेल निघते. कोमल माझी कोण? बहीण ना लेक. माझं घर बुडत असताना मी तिचं घर कुठं धरून ठेवू? तू उपकार केलेस, तुझी छाती मोठी. माझी नाही. तुझ्यावर होस्टेल नव्हतं, शकूताई. तुझा लेक कमावता होता. हे मला तुला म्हणायचंच होतं आणि अजूनही म्हणायचं आहे. बारी लावणं तुला जेवढं सोपं होतं तेवढं मला नाही.

दोन दिवस कोमलकडे बघवत नव्हतं. ती आपली नेहमीसारखी, सूत तुटलं की जीभ बाहेर काढून हळूहळू सांधत बसायची.

शेवटी मी केबिनमध्ये गेले. जाताना ठरवलं होतं की म्हणायचं, तुम्ही काय ते बघा, मला विचारू नका. दोष नको आणि पुण्यही नको. पण मास्तरनं वर बघून "मग, सांगितलं का तिला?" असं विचारलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "बारी सुरूच ठेवा, साहेब. एक घरी, चौघी कामावर."

"तुम्हीही शकुंतलाबाईंसारखंच करता का?"

"त्यांच्यासारखं नाई. त्या गोड बोलत होत्या."

तो हसला नाही. म्हणाला, "दिवाळीपर्यंत ठेवतो. पण बाई, ऐकून ठेवा. उद्या आणखी एक यंत्र बंद पडलं, तर पहिलं नाव कोणाचं हे मला विचारायला यायचं नाही." मी हो म्हटलं. त्यानं विचारलं, "आणि पहिला घरचा आठवडा कोणाचा लावू?" "माझा," मी म्हटलं. दुसऱ्या कोणाचा लावणार होते?

पोरीला फोन केला, होस्टेलचे पैसे थोडे मागेपुढे होतील म्हणून. ती लगेच म्हणाली, "चालते आई, मी बोलतो वॉर्डनशी." इतकं लगेच म्हणाली की मला कळलं, ती अशा फोनची वाटच बघत होती. फोन ठेवून मी चुलीपुढं बसून राहिले. दुकानात आणखी साड्या मागितल्या आहेत. देईल की नाही माहीत नाही, लग्नसराई संपली. दिवाळीनंतर काय, तेही माहीत नाही. यंत्राचा आवाज जरा बदलला तरी माझे कान उभे राहतात, हे बंद तर पडणार नाही?

आणि कोमल. घरचा आठवडा संपवून मी कामावर गेले त्या दिवशी ती ऑटोतून उतरता उतरता माझ्याजवळ आली. आधी तुझी आठवण काढली, डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? बारी बंद होऊन राह्यली म्हणे. वॉचमन सांगत होता, आता पूर्ण महिना भेटन. खरं हाये का? मी तं आईले सांगूनही टाकलं. लेकराले अंगणवाडीतून काढून चांगल्या शाळेत टाकतो म्हणलं."

अर्धीच बातमी पोचली होती पोरीपर्यंत. तिच्या चेहऱ्यावर दुःखही होतं आणि त्या दुःखाखालून आनंद वर येत होता, त्याची तिला लाजही वाटत होती.

"नाई," मी म्हटलं. "बारी सुरूच राहीन."

"काऊन?"

"मीच म्हटलं मास्तरले."

"तुमी? काऊन पण, ताई? मास्तर देत होता ना पूर्ण महिना? तुमचं घर दोघांच्या कमाईवर चालते, आमचं कसं चालते कधी विचारलं तुमी? कोणाले विचारून सांगितलं?"

उत्तर जिभेवर होतं, शकूताई. तुला माहीत आहे माझ्या जिभेवर उत्तर किती वेळ राहतं. गेटवर बाकीच्या दोघी थांबल्या होत्या, त्याही ऐकत होत्या. मी म्हटलं, "चाल आत. घंटा झाली."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. डबा घेऊन दुसऱ्या टोकाला बसते आणि बाकीच्यांना सांगते, मंगलाताईनं मास्तरशी संधान बांधलं. दोघी तिच्या बाजूनं आहेत. परवा विहारातही ती माझ्यापासून दूर बसली. सूत तुटलं की अजून तशीच हळूहळू सांधते. बोलत नाही माझ्याशी, पण कामावर येते.